बशांचा पट्टा

मस्कतला, कुर्मच्या मॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर
एक पट्टा फिरत असतो,
पट्ट्यावर बशा, बशांवर काचेसारखी झाकणं,
झाकणाखाली दोन-दोन रंगीत घास.
विमानतळावर खोक्याची वाट बघावी
तशी मी बसले, पर्स मांडीवर घट्ट धरून.
आपलं कुठलं, ते ओळखू येईना.

सबीहाला बोनस मिळाला होता.
खेडची ती, मी वेंगुर्ल्याची,
अकरा वर्षं एकाच विमा कंपनीत, एकाच टेबलाच्या दोन बाजू.
"आज बिर्याणी नाय," ती म्हणाली, "आज जपान."
पर्समधल्या कागदाचं तिला ठाऊक नव्हतं:
तीन महिन्यांची सरासरी साखर,
आठ पूर्णांक एक.

डॉक्टर इजिप्तचे. चष्मा काढून म्हणाले होते,
"राइस, मिसेस पेडणेकर. राइस."
जणू भात म्हणजे माझा वाया गेलेला धाकटा भाऊ
आणि मी त्याला पाठीशी घालतेय.
घालतच होते.

मासा मात्र मला कुणी शिकवू नये.
कल्ला उचलून लाली बघावी,
बोट रुतवलं तर मांस परत वर यायला हवं.
मुत्राहच्या बाजारात दर शुक्रवारी मी सुरमई अशीच घेते.
इथे तिला कनद म्हणतात,
नाव बदललं तरी डोळा खोटं बोलत नाही.
पण कच्चा?
कच्चा मांजर खातं, असं आई म्हणायची,
आणि मांजराला तरी कुठे मधुमेह होतो.

पहिली सोनेरी बशी आली,
कुरकुरीत, वर मेयोनीजची नागमोडी रेघ.
हात गेलाच.
"ते तळलेलं आहे, मॅडम. आत चीज पण आहे,"
वाढणारी मुलगी हळूच म्हणाली.
मारिवेल नाव, सेबूची.
साखरेने वडिलांचा पाय गेला होता तिच्या,
आणि हे तिने पाणी ओतता ओतता सांगितलं,
आपण बसचा नंबर सांगतो तसं.
मी तिला कागद दाखवला नव्हता.
कसं कळलं असेल?
कदाचित मी ज्या नजरेने भाताकडे बघत होते, त्यावरून.

मग ती सांगत गेली, मी ऐकत गेले.
नुसत्या माशाचे काप घ्या.
आधी ह्या उकडलेल्या शेंगा, मीठ कमी टाकायला सांगते.
काकडीत गुंडाळलेला रोल मिळतो, यादीत नाही, मागावा लागतो.
सोया सॉसमध्ये भाताची बाजू नका बुडवू, माशाची टेकवा, जराशी.
आणि भातात साखर असते.
"भातात?"
साखर आणि व्हिनेगर.
सबीहा खो खो हसली,
"म्हणजे आंबट साखरभात गं!
आणि मी समजत होते, डाएट करतेय."

काउंटरमागचा जपानी निघाला नेपाळचा, धरणचा,
गालावर खळी, हिंदी आमच्यापेक्षा बरं.
"भात कमी करू?" त्याने विचारलं.
मी बोटाने माप दाखवलं.
ओल्या हाताने त्याने वळला एवढासा गोळा,
फणसाच्या आठळीएवढा,
वर माशाची चादर, दोन्ही बाजूंनी लोंबणारी.
पाहुण्यांच्या पोराला मोठ्यांचा सदरा घालावा तशी.

खाल्ला.
लोण्यासारखा, गार,
आणि वाटण नाही, कोकम नाही, काही नाही,
आडोशाला उभं राहायला मसालाच नाही.
मासा एकटाच बोलत होता.
आवडला असं म्हणणार नाही.
दुसरा घेतला, एवढं सांगते.

घरी येऊन सकाळचे तांदूळ मोजले.
दोन वाट्या काढल्या, एक परत डब्यात ओतली,
मग त्यातली मूठभर पुन्हा बाहेर काढली.
एकदम कुणालाच घराबाहेर काढता येत नाही.

सबीहा बिल देत होती तेव्हा
ती पहिली सोनेरी बशी तिसऱ्यांदा समोरून गेली.
झाकणाला आतून घाम आला होता.
मी तिच्याकडे बघत राहिले, वळणापर्यंत.